पास झालेलं पान

नंदा गेली तेव्हा मी दूध आणायला खाली उतरलो होतो. शेजारच्या सावंतवहिनींना तिच्याजवळ बसवून गेलो होतो. वर आलो तर त्या दारात उभ्या, पदर तोंडाला लावून. म्हणाल्या, "दादा, नंदा गेली." मी विचारलं, कोण म्हणतं? डॉक्टर येऊन गेले का? मी पातेलं काढलं, दूध ओतलं, गॅसवर ठेवलं आणि ते उतू येईपर्यंत तिथेच उभा राहिलो. मग तिच्या खाटेकडे गेलो. म्हाताऱ्याला धक्का बसला असं लोक म्हणतात. धक्का वगैरे काही नाही. दूध नासेल, एवढंच डोक्यात होतं... अजूनही तेवढंच आहे म्हटलं तरी चालेल.

तिच्या कॉलेजातल्या एक बाई परवा येऊन गेल्या. म्हणाल्या, पेपरच्या पुरवणीत नंदाताईंवर काही यावं असं वाटतं, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, मी लिहीन. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर चांगलं आहे.

नंदा माझी एकुलती एक मुलगी. लालबागच्या याच चाळीत, याच खोलीत वाढली. लग्न केलं नाही, मीही फार विचारलं नाही. तिची आई गेल्यावर आम्ही दोघंच. दादरच्या एका कॉलेजात ती लायब्ररीत होती. पुस्तकं देते-घेते, असं मी लोकांना सांगायचो. ते तिला आवडत नसे. ती म्हणायची, पुस्तकं मागायला आता येतो कोण? पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्टसाठी इंटरनेटवर माहिती शोधायला ती शिकवायची, कुठल्या वेबसाइटवर विश्वास ठेवायचा आणि कुठल्या नाही. मला हसू यायचं. यात शिकवायचं काय? ती म्हणाली, पहिलं दिसेल ते पान उचलून मुलं चिकटवतात, तुम्ही बाजारात पहिल्याच टोपलीतला बांगडा घेता का? हे मात्र मला पटलं. मी कल्ले उघडून बघितल्याशिवाय मासा घेत नाही. तिचे प्रश्नही तसेच ठरलेले होते. हे लिहिलंय कोणी? त्याला त्यातलं काय कळतं? कधी लिहिलंय? लिहून त्याचा फायदा काय? आणि याच्याकडून न उचलता दुसऱ्या कोणी हेच सांगितलंय का?

एकदा तिच्या दोन विद्यार्थिनी घरी आल्या. त्यांचा प्रोजेक्ट गिरण्यांवर होता. कुठल्याशा वेबसाइटवरून त्यांनी उतरवलं होतं की संपाच्या पहिल्या दिवशी आमच्या गिरणीचे कामगार हसत हसत बाहेर पडले. मी म्हटलं, साफ खोटं. मी तिथे मागावर कामाला, त्या दिवशी गेटवर होतो, कोणी हसत नव्हतं. लिहा, खाली माझं नाव घाला. मुलींनी पेन काढलं, तेवढ्यात नंदा म्हणाली, थांबा, बाबा एका गेटवर होते, दुसऱ्या गेटवरचा माणूस शोधा, मग लिहा. परक्या पोरींच्या समोर!

"म्हणजे तुझा बाप खोटारडा?" मी विचारलं.

"खोटारडा नाही, बाबा. एकटा."

मी जेवताना बोलायचं बंद केलं. मग मीच उठून काळाचौकीला गेलो आणि आमच्याच गिरणीच्या सूतखात्यातल्या, दुसऱ्या गेटवरच्या म्हादू परबाला घेऊन आलो. म्हटलं, आता सांग हिला. परब ऐसपैस बसला आणि म्हणाला, "आमच्या गेटार हसत होते रे. चार दिसांत परत येव, असा वाटलेला सगळ्यांका." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. नंदाने दोघांना चहा दिला. मुलींनी दोन्ही गेटांचं लिहिलं. परबाला मी पुढे बरेच दिवस सांगत होतो, तुला आणून मी चूक केली.

गेल्या दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. ॲसिडिटी समजून तिने अंगावर काढलं. परळच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तो पसरलेला. एवढ्यात कोणाला सांगू नका, असं तिने मला बजावलं. मी कोणाला सांगितलं नाही. फोनला सांगितलं. मला टाइप करता येत नाही, पण फोनमध्ये बोलून विचारता येतं. मागांच्या खडखडाटात माझे कान गेले, हळू बोलणं मला जमत नाही. गॅलरीत उभा राहून मी फोनला विचारलं, स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर इलाज काय? दिवेलागणीपर्यंत ते तळमजल्यावर पोचलं होतं. नंदा रागावली नाही. म्हणाली, "मंडळाच्या लाउडस्पीकरवरून सांगायचं तेवढं राहिलं."

मग सगळी चाळ इलाज घेऊन आली. सावंतवहिनींनी गव्हांकुराचा रस सुचवला. माझगावहून भाच्याने व्हिडिओ पाठवले. मला स्वतःला एक चूर्ण सापडलं. हार घातलेल्या माणसाचा फोटो, खाली बऱ्या झालेल्यांची नावं, गावासकट. मी म्हटलं, बाय, हे घेच. ती डोळे मिटून पडली होती.

"घेईन," ती म्हणाली. "पण पान पास झालं पाहिजे. माझे प्रश्न तुम्हाला पाठ आहेत. जे पास होईल त्यातलं सांगाल ते घेईन. शब्द देते."

दिलेला शब्द नंदाने कधी मोडला नव्हता. मी कामाला लागलो. रोज दुपारी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून मी पानं वाचून दाखवायचो. चूर्ण पहिल्या दिवशीच गेलं, फोटोखालीच डबी विकायला ठेवली होती. गव्हांकुराची चार पानं निघाली, चौघांची वाक्यं तीच, एकाने दुसऱ्याचं उचललेलं. एकावर डॉक्टरचं नाव होतं, शोधलं तर तो दातांचा. मी भांडलो, दातांचा तर दातांचा, डॉक्टर आहे ना? नंदा म्हणाली, मग दाढ काढून घेऊ का? सावंतवहिनी पोट धरून हसल्या, मीही हसलो. पण सोडलं नाही. धरलं की सोडायचं नाही, आमच्या घराण्याची रीत आहे. हळूहळू मला आधीच कळायला लागलं. नापास पानं मी तिच्यापर्यंत नेईनासा झालो. ती वाळत चालली होती आणि माझ्या हातात काही लागत नव्हतं...

आणि मग एक सापडलं. एका मोठ्या हॉस्पिटलचं, चक्क मराठीत. लिहिणाऱ्या डॉक्टरांची नावं, त्यांचं शिक्षण, शेवटचं कधी तपासलं ती तारीख, सगळं होतं. विकायला काही नव्हतं. दुसऱ्या हॉस्पिटलच्या पानावरही तेच मथळे होते, पण शब्द उचललेले नव्हते. मी पानाचं डोकं, तळ आणि मथळे एवढंच तपासलं होतं, मधला मजकूर तिच्यासमोरच वाचायचा म्हणून ठेवला. स्टुलावर बसलो, चष्मा लावला आणि नेहमीसारखा मोठ्याने वाचायला लागलो. मी हळू वाचतो, अक्षर जोडून. त्यात लिहिलं होतं की आजार पसरलेला असेल तर तो बरा होत नाही. उपचार त्रास कमी करण्यासाठी असतात, त्यांनी थोडे दिवस मिळू शकतात. मी थांबलो.

"पुढे वाचा," ती म्हणाली.

मी म्हटलं, नीट दिसत नाही.

"हे पास आहे, बाबा. मी पहिल्याच आठवड्यात वाचलंय."

मी विचारलं, मग मला इतके दिवस कशाला पळवलंस? ती म्हणाली, मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत? नसतं ऐकलं. मी कोणाचं ऐकत नाही, तिला ते माहीत होतं. मग तीच म्हणाली, खाली खाण्याचं लिहिलंय ते वाचा, मी शब्द दिलाय. खाली लिहिलं होतं, रुग्णाला आवडेल ते थोडं थोडं द्यावं. मी भाताची पेज केली आणि सुकटीची चटणी. तिने चमचाभर पेज घेतली, बोटाला चटणी लावून चाटली आणि म्हणाली, मीठ जास्त झालंय. पुढचे दिवस रोज पेजच केली. मीठ कमी घातलं.

ती गेल्याचं फोनला अजून कळलेलं नाही. रोज सकाळी तो स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर नवं काहीतरी दाखवतो. सावंतवहिनींचा जावई म्हणाला, काका, द्या इकडे, हे बंद करून देतो. मी दिला नाही. दुपारचं जेवण झालं की खाटेशेजारी स्टुलावर बसतो, आलेलं पान उघडतो आणि मोठ्याने वाचतो. कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, काय विकतोय. गॅलरीतून जाणारे ऐकतात. काल एक आलं होतं, हळदीचं. नापास झालं.