डाव्या बाजूचा जोड

आमच्या पिकपचा हौदा वाकला तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. साठ साल नुकतंच उलटलं होतं. पांढरकवड्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत आमचा बंजाऱ्यांचा तांडा. तांड्यात मोटार एकच, आणि ती माझी. महायुद्धात वापरून काढून टाकलेल्या गाड्या तेव्हा फिरत फिरत आमच्यासारख्यांपर्यंत यायच्या. तशीच एक कोणाकोणाच्या हातून गेलेली गाडी मी नागपूरहून आणली होती. तिच्यासाठी बानं, म्हणजे माझ्या बापानं, आपली बैलजोडी विकली. बाला आम्ही अरेतुरेच करायचो, आमच्यात तीच रीत. घरात गोरबोली चालायची. इथं ते बोलणं सगळ्यांना कळेल अशा वऱ्हाडीत उतरवतो आहे.

लदेणी केलेला बा हा तांड्यातला शेवटचा माणूस. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून गावोगाव माल पोचवणं. जिथं बंडी, म्हणजे बैलगाडी, जात नव्हती अशा घाटांतून त्यानं पोरवयात आपल्या बापाबरोबर मीठ वाहिलं होतं. बैलाच्या कण्यावर ओझं येऊ द्यायचं नाही, दोन्ही अंगांना ते सारखं बसलं पाहिजे, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. नुसतं उचलून तो दोन गोण्यांमधला शेराचा फरक सांगायचा. तांड्यात कोणाचीही बंडी भरायची असली की बाला बोलावणं यायचं, आणि तो पागोटं नीट करून, दहा मिनिटं मुद्दाम उशिरा जायचा. घर लहान, शेत खडकाळ; माणसात त्याला जो मान होता तो एवढ्या एका गोष्टीचा होता.

त्या दिवशी आम्ही बाजारासाठी मिठाची पोती आणत होतो. मी चहाला गेलो आणि बानं गाडी भरली. परत येऊन पाहतो तर हौद्याची मधली जागा मोकळी, आणि सगळी पोती दोन्ही बाजूंच्या फळ्यांना टेकवून रचलेली, वरून दोर आवळलेले. बैलावर लादतात तशीच. म्हाताऱ्याला गाडीलाही कणा आहे असं वाटतंय, म्हणून मला मनातल्या मनात हसू आलं. पण पोती मी तशीच राहू दिली. सरळ गाडी चालवायला बसलो.

तांड्याजवळच्या नाल्यात गाडी उतरवली आणि मागं कडाड आवाज झाला. उतरून पाहिलं तर हौद्याची डावी बाजू बाहेर वाकून लोंबत होती आणि निम्मं मीठ पाण्यात पडलं होतं. आवाजानं तांड्यातली माणसं धावत आली. त्या सगळ्यांसमोर मी बापाला म्हणालो, "हे बैल नाही, बा. तुले काही समजत नाही तं हात कायले लावते?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बा धोतर खोचून पाण्यात उतरला आणि उरलेली पोती एकेक करून काठावर आणत राहिला. माणसं आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे पाहत होती. त्यांच्यापैकी कोणी त्याची बाजू घेतली नाही, कारण वाकलेला हौदा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

गाडी शहरापर्यंत नेण्यासारखी राहिली नव्हती. ती दोरानं ओढून अंगणात आणली आणि दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याचा एक मुसलमान मिस्त्री घरी घेऊन आलो. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, बोलायला कमी. त्यानं आधी फळ्या सोडवल्या, मग गाडीखाली शिरला, आणि थोड्या वेळानं मलाही खाली बोलावलं. डाव्या बाजूला, जिथून लोखंड वाकलं होतं तिथला रंग त्यानं छिन्नीनं खरवडला होता. आत जुना जोड दिसत होता, मधोमध तडकलेला, कडेला गंज चढलेला.

"हे पाह्य," तो म्हणाला. "गाडी पहिलेच वाकेल होती. कोणीतरी जोडली अन् वरून रंग मारला. बुढ्याचा कसूर नाही. त्यानं वजन बराबर ठेवलं होतं. कमीजास्त असतं तं एक गोष्ट होती. बराबर वजनानं गेली असती तं दोन्हीकून गेली असती, एकाच बाजूनं काहून गेली?"

मी उताणा पडून त्या जोडाकडे पाहत राहिलो. तो म्हणाला, बुढ्याले सांगून दे. मी म्हटलं, सांगतो.

दुसऱ्या दिवशी काम झालं. मिस्त्रीनं तांड्याबाहेरच्या लोहाराचा भाता मागून आणला, वाकलेल्या लोखंडाखाली कोळसा पेटवला. चाकांना दगड लावले. वाकल्या बाजूला साखळी बांधून ती हौद्यावरून पलीकडच्या कडुनिंबाकडे नेली आणि पुढं बुंध्यापर्यंत दुहेरी दोर घेतला. दोरात पहार घालून पीळ द्यायचा, म्हणजे लोखंड हळूहळू आत ओढलं जातं. मी पीळ द्यायला लागलो की दोर निसटायचा. दोनदा निसटला तेव्हा मिस्त्रीनं ओसरीवर बसलेल्या बाला हाक मारली.

बा उठला, पण लगेच आला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं हो म्हटल्यावरच तो पुढं झाला. मग त्यानं माझी गाठ सोडून आपली मारली, आणि लोखंड लाल झालं की एक वेढा, पुन्हा लाल झालं की एक वेढा, असं दुपार कलेपर्यंत करत राहिला. बाजू जागेवर आली. जुन्या जोडावर मिस्त्रीनं नवी पट्टी बसवून चार रिबिटी ठोकल्या आणि जोड तिच्याखाली झाकला गेला.

मी भात्यापाशी होतो, त्याच्यापासून चार हातांवर. अख्खी दुपार सांगता आलं असतं. पण जोडाचं सांगायचं म्हणजे गाडी घेताना मी खाली वाकून पाहिलं नव्हतं हेही सांगावं लागलं असतं. वरचा रंग पाहून भुललो होतो, आणि त्या रंगापायी त्याचे बैल गेले होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते माझ्याच बाबतीत खरं झालं होतं. मला लाज वाटत होती, आणि त्या वयात मला लाज वाटली की राग यायचा. मिस्त्री निघताना हळूच विचारून गेला, सांगितलं का? मी हो म्हणालो.

तीन-चार दिवसांनी पुन्हा मिठाची खेप होती. मी बाला मुद्दाम बरोबर घेतलं. वाटलं, पोती भरता भरता जुनं सगळं विरून जाईल. त्यानं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं, हौद्यापाशी आला आणि थांबला.

"कुठं ठेवू?" त्यानं विचारलं.

उभ्या जन्मात त्यानं हा प्रश्न कोणाला विचारला नसेल. पोतं त्याच्या खांद्यावर होतं आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी म्हटलं, मधे ठेव. त्यानं मधे ठेवलं, खाली उतरून दुसरं घेतलं, आणि पुन्हा विचारलं.

तांड्यात बंडी भरायला बोलावणं आलं की तो आता म्हणायचा, मले काय समजते, पोराले विचारा. पुढं बोलावणं येणंच बंद झालं. त्यानंतर बा सात वर्षं जगला. सात वर्षं तो प्रत्येक खेपेला माझ्याबरोबर आला, प्रत्येक पोत्याला त्यानं मला जागा विचारली, आणि मी ती त्याला दाखवत राहिलो.