झाकण नसलेली दानपेटी
ग्राइंडरखाली तापलेल्या लोखंडाचा वास आला की मला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली ती दानपेटी आठवते. वृद्धाश्रम आणि कर्णबधिर मुलांची शाळा, दोन्हींसाठी आमच्या ओळीतल्या कारखान्यांनी मिळून मदत गोळा करायची ठरवली. आमच्या वेल्डरने पेटी इतकी मजबूत बनवली की झाकण ठेवायचंच विसरला. महिनाभर सगळे स्केचपेनने नाव लिहिलेली पाकिटं फटीतून टाकत राहिलो. शेवटच्या दिवशी, दोन्ही संस्थांची माणसं समोर बसलेली असताना, पेटी कापायला घेतली. ठिणग्या आत गेल्या, धूर निघाला आणि कुणीतरी अख्खी बादली ओतली. नोटा वाचल्या, पण पाकिटांवरची नावं धुऊन गेली. आमचे मालक चिडले, "आता कुणी किती दिलं ते वाचून कसं दाखवायचं?" ओल्या नोटा पत्र्यावर वाळत घालत वेल्डर म्हणाला, "आवं, सगळ्यांनी मिळून दिलं, एवढंच सांगा की." तेवढ्यात त्याच्या हाती एक न उघडलेलं, पण रिकामंच पाकीट लागलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं आणि गुपचूप खिशात घातलं. त्या महिन्यात माझा सगळा पगार बहिणीच्या दवाखान्याच्या खर्चात गेला होता. ते पाकीट माझं होतं. त्याने ते ओळखलं होतं का, हे इतक्या वर्षांत मी विचारलं नाही, आणि त्यानेही कधी विषय काढला नाही.