रज्जाकभाईंचा मोगरा आणि माझं फिनाईल

रज्जाकभाई अत्तार नमस्कार करण्याआधी माणसाचा वास घ्यायचे. चोरून नाही, सरळ मान पुढे काढून, म्हैस वैरण हुंगते तसा. पहिल्या भेटीत माझ्या खांद्याशी नाक आणून म्हणाले, "शेठ, सदरा कालचाच हाय. वरून पावडर मारली म्हणून माणूस नवा होत न्हाई." मत मागायला आलेल्या एका पुढाऱ्याला तर म्हणाले, "साहेब, कपडे लई झकास धुतलेत. आता आतला माणूस भिजत घाला." पुढारी खूश होऊन गेला. त्याला वाटलं, मत पक्कं.

म्हातारपणी त्यांचं नाक गेलं, असं माजलगावात अजून सांगतात. ते साफ खोटं आहे. ते नाक शेवटपर्यंत शाबूत होतं, आणि ही थाप पसरली ती माझ्यामुळे.

माझा छोटा कारखाना होता. धुण्याची पावडर, केसांचं तेल, फिनाईल. रज्जाकभाईंचं पेठेत अत्तराचं दुकान. माझ्या मालाला वास तेच जुळवून द्यायचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापायच्या, एकेकीवर थेंब टाकायचा आणि दोरीला चिमट्याने अडकवायच्या, ही त्यांची प्रयोगशाळा. कुणाकुणाची शुभमंगलं तिथे लोंबत असायची. सकाळी हुंगायचे, दुपारी हुंगायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मध्येच स्वतःच्या कोपराचा वास घ्यायचे. "नाक हिंडून हिंडून थकतं, शेठ. त्याला जरा घरी आणावं लागतं."

मला शिकवायचा त्यांना भारी सोस. "लिंबू म्हंजे पुढारी. गाजत येतो, तासाभरात गायब. मोगरा म्हंजे नवरी, दिवसभर मिरवती. अन् चंदन म्हंजे सासू. उशिरा येती, पण एकदा आली की जात न्हाई." पावडरीबद्दल म्हणायचे, "बाई तीनदा वास घेती. पुडी फोडताना, बादलीत हात घालताना अन् वाळल्या कपड्याची घडी करताना. तिसऱ्या खेपेला तिला कायच आलं न्हाई, तर तुमची पुडी गेली उकिरड्यावर."

मोगरा हा त्यांचा जीव. त्यात ते एका बाटलीतलं काहीतरी कणभर घालायचे. नुसती ती बाटली हुंगली तर गोठ्यात उभं राहिल्यासारखं वाटे. मी नाक दाबलं, तर खेकसले, "खऱ्या फुलात बी ही घाण असतीच. ती काढली तर मोगरा न्हाई, चॉकलेट होतं."

हा मोगरा त्यांनी माझ्या केसांच्या तेलासाठी बनवला होता. मी तेल स्वस्तातलं घेतलं. त्याचा खवट वास मोगऱ्याच्या उरावर बसला, माल पडून राहिला आणि मोगऱ्याचा अख्खा कॅन उरला. तेव्हा गावोगावी नवे संडास बांधले जात होते, फिनाईलला मागणी होती. म्हटलं, ओतू हा फिनाईलमध्ये.

रज्जाकभाई उसळले. "त्यात गवती चहा घाला, निलगिरी घाला, पण हे न्हाई! नाकाला अक्कल नसती, शेठ, पण आठवण लई पक्की असती. मोगरा एकदा संडासात गेला की परत डोक्यात माळता येत न्हाई."

ते लेकीकडे परभणीला गेले आणि मी कॅन ओतला. वर लेबल छापलं, 'रज्जाकभाई अत्तार यांचा अस्सल मोगरा'. फिनाईल उमापूरपासून दिंद्रुडपर्यंत धडाधड खपलं. परत आल्यावर त्यांनी बाटली पाहिली, हुंगली, आणि चार दिवस माझ्या कारखान्याकडे फिरकले नाहीत.

पुढच्या लग्नसराईत दिंद्रुडला आमच्या नात्यातलं लग्न होतं. मांडवाच्या दारात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायचा मान रज्जाकभाईंचा. एका म्हातारीने हात नाकाशी नेला आणि ठणकावून म्हणाली, "आगं बया! ह्यो तर आमच्या संडासाचा वास!"

सगळ्या मांडवाचे हात नाकाला गेले. "चाचा, पावण्यांना फिनाईल लावताव का?" कुणीतरी ओरडलं. "दोनीचा क्यान एकच दिसतोय!" नवरीच्या आत्याने आपला गजरा काढून हळूच खुर्चीखाली सरकवला. रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्याच रांगेत होतो. मी हात हुंगला. अप्रतिम मोगरा होता. आणि मी म्हणालो, "खरंच की हो!" वर हसलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात आले. मला अहो-जाहो करणारा माणूस पहिल्यांदाच अरे-तुरेवर आला. "कावून बे? म्हातारीला माफ. तिला वास आठवला, ती बोलली. तुला तर सगळं ठावं होतं. तू कावून हसलास?"

मी लेबलांचा गठ्ठा सोडायला घेतला. रज्जाकभाईंचं नाक गेलं, फिनाईलच बाटलीत भरून विकतात, ही गोष्ट तालुकाभर झाली. लग्नांची बोलावणी थांबली. हळूहळू दुकानात टोप्या आणि उदबत्त्या आल्या. मला खरं सांगायला रोज सवड होती. पण फिनाईल खपत होतं.

गंमत म्हणजे काही महिन्यांनी ते पुन्हा चहाला येऊ लागले. आले की मान पुढे काढून मला हुंगायचे आणि म्हणायचे, "अजून येतोय." काय येतोय, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात रज्जाकभाई गेले. अंगणात जनाजा ठेवला होता. त्यांचा मुलगा सलीम याने कफनाला अत्तर लावलं. मोगराच. मागे कुणीतरी खुसखुसलं, "शेवटी बी फिनाईलच."

मी उठून उभा राहिलो. "ते फिनाईल माझं होतं," मी म्हणालो. "मोगरा मी ओतला. ह्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. त्यांचं नाक चांगलं होतं, मीच खोटं बोललो." आवाज नको तितका मोठा निघाला.

सलीमने बाटलीला बूच लावलं. "आमाला ठावं हाय, चाचा. अब्बांनी बोलू दिलं न्हाई. म्हणायचे, शेठलाच सांगू द्या. शेठ म्हंजे चंदन."

जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. मेलेला माणूस किती मोठ्या मनाचा, असं त्यांना वाटलं असावं. चंदन म्हणजे कोण, हे त्या अंगणात मला एकट्यालाच माहीत होतं.