रिकाम्या पाटाची भाऊबीज

सरला बोकारे दहा वर्षं माझ्या शेजारी राहिल्या. त्या दहा वर्षांत मी त्यांच्यावर जितकी चिडले, तितकी सख्ख्या नणंदेवरही चिडले नसेन. बाई नागपूरच्या, स्वभावानं मऊ, आणि मऊ माणसांचा मला लवकर राग येतो. मी शाळेत विज्ञान शिकवते. मला गोष्टी स्वच्छ सांगितलेल्या आवडतात. या बाई एकदाच, एका संध्याकाळी, दयेपोटी एक खोटं वाक्य बोलल्या आणि मग पुढची दहा वर्षं त्या वाक्याच्या घरात भाडेकरूसारख्या राहिल्या.

ही चंदिगडची गोष्ट. सेक्टर बावीसमधली सरकारी क्वार्टरं सगळी एका साच्यातली. व्हरांड्याला भिंत नाही, मधल्या विटा सोडून बांधलेली जाळी. त्यातून बाहेरचा माणूस तुकड्यातुकड्यांनी दिसतो: इथं कोपर, तिथं ओढणी. आमचं भाड्याचं घर क्वार्टरांच्या समोर होतं. आमच्या ह्यांची नोकरी सेक्टर तीसमधल्या उपकरणांच्या प्रयोगशाळेत, त्यामुळं बदलीची भानगड नव्हती. समोर मात्र दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड बदलायचं. पडदे उतरायचे, पडदे चढायचे. मी कोणाची सवय लावून घ्यायची नाही, असं ठरवलेलंच होतं.

बोकारे सत्तरच्या उन्हाळ्यात आले. वामनराव हिशेब तपासणीच्या खात्यात, मूलबाळ नाही. त्याच वर्षी भाऊबीजेच्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, रांगेतल्या बायका एकदम कुजबुजायला लागल्या. जाळीतून कोणी मुलगी आत बघतेय. आवाज दिला की नाहीशी होते आणि पुढच्या जाळीत दिसते. एका शेजारणीनं तर ती भुताची छाया आहे म्हणून दार लावून घेतलं. मी हसले. तेवढ्यात सरलाबाई अनवाणी रस्ता ओलांडून आल्या.

"विनयाताई, चला नं माझ्या घरी. कोणी तरी आत आलं आहे."

"चोर?"

"नाही हो. लेकरू आहे. पण माझं घर तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

झालं होतं ते असं. जाळीच्या एका भोकात त्यांना डोळा दिसला. दार उघडलं तर आठ-एक वर्षांची मुलगी त्यांच्या हाताखालून सरळ आत गेली. मागच्या अंगणात जाऊन तिनं नळाखाली बादली लावली आणि उभी राहिली. नळ खोकला, पाणी आलं. सहा महिने त्या घरात राहून सरलाबाईंना त्या नळाची वेळ कळली नव्हती. मग तिनं न्हाणीघराचं अडकणारं दार खांद्यानं उचलून उघडलं, हातपाय धुतले, आणि फ्रॉकला हात पुसत विचारलं, "आई कहाँ है? जयंत भैया कहाँ है? मुझे ओवाळना है."

मी ओळखलं. ती कृष्णा. बोकाऱ्यांच्या आधी तिथं टिपणीस राहत. मिसेस टिपणीस, प्रतिमा, मोठ्या उत्साहाच्या. त्यांनी इथल्या मराठी मंडळींत एक टूम काढली होती: शहराच्या कडेच्या बालआश्रमातलं एकेक मूल दिवाळीचे चार दिवस घरी आणायचं. नवे कपडे, उटणं, फराळ. टिपणिसांकडं दोन वर्षं कृष्णा आली. "मला आई म्हण हं," असं तिला सांगितलं गेलं. भाऊबीजेला तिनं जयंतला ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात चकल्या भरून तिला आश्रमात पोचवलं. मग टिपणिसांची मद्रासला बदली झाली. ती टूमही त्यांच्याबरोबर गेली. कृष्णाला कोणी काही सांगितलं नाही. या दिवाळीला तिला न्यायला कोणी आलं नाही, म्हणून ती आपणहून निघाली होती, आणि सगळी घरं सारखीच असल्यामुळं एकेक जाळीतून आपलं घर शोधत होती.

मी हे सरलाबाईंना मराठीतून सांगत होते. मुलगी आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होती. तिनं पुन्हा विचारलं. आणि सरलाबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "वो लोग दूर गए हैं. जाते समय मुझे बोलकर गए, हमारी कृष्णा आएगी, हम लौटने तक उसको संभालना."

या बाईनं टिपणिसांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं!

"कशाला खोटं बोलता?" मी म्हणाले.

"मग काय सांगू, ताई? विसरून गेले म्हणू?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही, आणि माझा अर्धा राग त्याचाच आहे.

सरलाबाईंनी पाट मांडला. भोवती रांगोळी काढली, निरांजन लावलं, आणि मुलीला म्हणाल्या, इथं ओवाळ, भैयाला पोचेल. मी म्हटलं, भाऊ समोर नसला तर चंद्राला ओवाळतात, ते तरी करा. "चंद्र कशाला? तिला भाऊ आहे नं," असं म्हणून त्यांनी ताट तिच्या हातात दिलं. कृष्णा त्या रिकाम्या पाटासमोर बसली. अकरा-बारा वर्षांचा मुलगा मांडी घालून बसला की त्याचं कपाळ जिथं येईल, बरोबर त्या उंचीवर तिनं हवेत कुंकू लावलं. भुतांवर माझा विश्वास नाही. पण त्या क्षणी त्या पाटावर कोणी तरी होतं, आणि तिथं कोणी नव्हतं हेही तितकंच खरं होतं.

त्यानंतर ती वरचेवर पळून यायला लागली. आश्रमाच्या बहनजींनी रागावून पाहिलं, दाराला कडी घालून पाहिलं, शेवटी हात टेकले. "आप ही रख लीजिए," म्हणाल्या. एकाहत्तरच्या होळीनंतर कृष्णा बोकाऱ्यांकडे राहायला आली.

वामनरावांचा तिच्यावर जीव जडला. हा माणूस ऑफिसात कोणाशी चार शब्द बोलत नसे, पण तिला सायकलच्या दांडीवर बसवून सेक्टर सतरापर्यंत चक्कर मारून आणायचा, आणि येताना दोघं उगाच हसत असायचे. महिन्याभरात ते म्हणाले, दत्तकपत्र करून टाकू. सरलाबाईंनी मान हलवली. "दुसऱ्याचं लेकरू आहे. आपल्याकडे सांभाळायला दिलेलं आहे."

"कोणी दिलं?" मी विचारलं. "तुम्हीच रचलेलं आहे ना ते?"

"हळू बोला, ती ऐकेल," त्या म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना खरंच भीती होती. मुलीला सांगायचं तर काय सांगायचं? तुला कोणी ठेवून गेलं नव्हतं, तुला टाकून गेले होते, आणि मी तुला फसवून घरात घेतलं? जसजसे दिवस गेले तसं ते आणखी अवघड होत गेलं.

मग त्या घरात टिपणीस वावरायला लागले. टिपणिसांनी भिंतीत ठोकलेला खिळा काढायचा नाही. त्यांनी मागं टाकलेला फाटका पडदा धुऊन, घडी करून ठेवलेला. कृष्णाला चांगले गुण मिळाले की सरलाबाई म्हणायच्या, "तुझ्या आईला किती आनंद होईल!" तिनं त्यांना आई म्हणायचा प्रश्नच नव्हता, तो शब्द दुसऱ्यांच्या नावानं राखून ठेवलेला होता. त्या काकू. एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध लागलं, संध्याकाळी भोंगा वाजला की दिवे मालवून आम्ही सगळे बोकाऱ्यांच्या मधल्या खोलीत बसायचो. अंधारात कृष्णा सरलाबाईंना चिकटलेली असायची, आणि त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "भिऊ नको गं. तुला काही झालं तर मी त्यांना काय तोंड दाखवू?" मी अंधारात दात-ओठ खायचे.

दर भाऊबीजेला पाट मांडला जाई. तिसऱ्या वर्षी सरलाबाईंनी नवा, मोठा पाट आणला. "जयंत आता उंच झाला असेल नं," म्हणाल्या. कृष्णानं हात थोडा वर नेऊन कुंकू लावलं. वामनराव त्या वेळी बाहेर जाऊन उभे राहायचे. पाडव्याला लेकी वडिलांना ओवाळतात, पण आपल्याच घरात त्यांच्या वाट्याला कधी ते ताट आलं नाही.

पंच्याहत्तरला वामनरावांची बदली झाली, तीही नागपूरला. स्वतःचं घर, स्वतःची माणसं! मी पहिल्यांदाच त्यांना रस्त्यातून ओरडत येताना पाहिलं. रात्रीची भाकरी थापता थापता सरलाबाईंनी कृष्णाला विचारलं, "आपण गेलो, अन् मागून ते इथं आले तर?" मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. तिचा चेहरा पांढरा पडला. त्या रात्री ती जेवली नाही.

"पाहिलं नं?" सरलाबाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या. "तिला हे घर सोडवत नाही. ती त्यांची वाट पाहून राहिली आहे. मी तिला तोडून नाही नेणार."

मी वाट्टेल ते बोलले. संसार मोडायला निघालात, म्हणाले. पन्नाशीला आलेला माणूस तिकडे एकटा पिठलं ढवळत बसणार, म्हणाले. त्या ऐकून घेत राहिल्या. वामनराव एकटे गेले. क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा आमच्या गच्चीवरची बरसाती, म्हणजे वर बांधलेली एकच खोली, मी त्यांना दिली. कठड्याशी उभं राहिलं की समोर ते क्वार्टर दिसायचं. संध्याकाळी दोघी तिथं उभ्या असायच्या, एकमेकींपासून हातभर अंतरावर, त्या जाळीकडे बघत. मला गच्चीवर कपडे आणायला जायचं धैर्य व्हायचं नाही. वामनराव दर दिवाळीला संत्र्यांची करंडी घेऊन यायचे आणि भाऊबीज झाली की परत जायचे.

अशी पाच वर्षं गेली. ऐंशीच्या दिवाळीत आमचे हे प्रयोगशाळेतून हसत हसत आले. मुलाखतीसाठी एक मराठी मुलगा आला होता, इंजिनियर. नाव विचारलं तर जयंत टिपणीस! "सणाला एकटाच आहे बिचारा. मी भाऊबीजेला जेवायला बोलावलंय."

माझं लक्ष आधी वर, बरसातीकडं गेलं. पण बोलावलेल्याला परत पाठवणार कसं? आणि खरं सांगते, मलाही ते एकदाचं संपायला हवं होतं.

मी त्याला वर घेऊन गेले. पाट मांडलेला होता. मी नाव सांगितलं, तशी सरलाबाईंच्या हातातली रांगोळी सांडली. कृष्णा ताट घेऊन उभी होती, अठरा वर्षांची, सरळ, शांत. "बसा," ती म्हणाली. तो पाटावर बसला. दहा वर्षांनी त्या पाटावर हाडामांसाचं माणूस बसलं, आणि खोली एकदम लहान वाटायला लागली.

मुलगा वाईट नव्हता. मनमोकळा, हसरा. तिनं ओवाळलं, त्यानं खिशातली नोट ताटात टाकली आणि म्हणाला, "तू त्या आश्रमातली का? हां, आईनं तसं काही तरी सुरू केलं होतं. दोन-तीन मुली यायच्या ना आमच्याकडे?" मग तो सरलाबाईंकडे वळला. "तुम्ही आईच्या मैत्रीण का? तिच्या तोंडून कधी तुमचं नाव ऐकलं नाही मी."

सरलाबाईंच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. कृष्णानं त्याला पुऱ्या वाढल्या, आग्रहानं अजून एक वाढली. तो जेवला, सगळ्यांना वाकून नमस्कार करून गेला. वामनराव कठड्याशी पाठ करून उभे होते.

"कृष्णा," सरलाबाई म्हणाल्या, "मी तुझ्याशी खोटं बोलली. ते मला काही सांगून गेले नव्हते."

"माहीत आहे, काकू."

"कधीपासून?"

"पहिल्याच वर्षापासून. ज्यांना परत यायचं असते, ते सांगून जातात नं."

"मग हा पाट? एवढी वर्षं तू त्याच्यासमोर..."

"तुम्ही मांडून राहिल्या होत्या. मला वाटलं, तुम्हाला लागतो." तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फाटला. "अन् बदलीच्या वेळी तुम्ही विचारलं, ते आले तर? मला वाटलं, मला त्यांना देऊन टाकण्यासाठीच ठेवलं आहे. मी त्यांची वाट नव्हती पाहून राहिली, काकू. तुम्ही मला कधी म्हणता, चल, ते पाहून राहिली होती."

वामनराव वळले. खाली कोणाच्या तरी दारात पोरं फटाके उडवत होती. सरलाबाईंनी तोंड उघडलं. 'चल' हा एवढासा शब्द, पण दहा वर्षं दुसऱ्याचं लेकरू म्हणत आलेल्या बाईंना तो म्हणता येईना. कृष्णा हातातलं ताट तसंच धरून थांबून राहिली.