घराचा समतोल

परवा वडवणीला गेले होते... सही करणार नाही, हे तोंडावर सांगायला.

वडील जाऊन वर्ष झालं. त्यांच्या शेतातला माझा हिस्सा दादाच्या नावे व्हावा म्हणून त्यानं हक्कसोडपत्र टाइप करूनच ठेवलं होतं. दादा गावातला पुढारी, त्याला 'नाही' ऐकायची सवय नाही.

रजिस्ट्री ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर आई बसली होती. मी नाही म्हटलं, तर दादा चिडला नाही. समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, घराचा समतोल कावून बिघडवायलीस?"

समतोल... इक्विलिब्रियम. मी बीडला अकरावीला फिजिक्स शिकवते. दरवर्षी सांगते, वस्तू हलत नाही म्हणजे तिच्यावर जोर लागत नाही असं नाही. दोन्हीकडून सारखा जोर असतो, म्हणून ती स्थिर दिसते.

दादालाही तेच म्हटलं. सगळं तुला आणि मला काहीच नाही, याला समतोल म्हणत नाहीत.

"इथं काय वर्ग भरलाय का तुझा?" तो हसला. साक्षीला आणलेली माणसंही हसली.

मी पर्स उचलून निघाले... तेवढ्यात आईनं हात धरला.

"कर बाई सही. तू जाशील बीडला. मला त्याच्याच घरात ऱ्हायचंय."

मी म्हटलं, माझ्याकडे चल. तर म्हणाली, "लेकीच्या दारात न्हाई मरायचं मला."

मग सही केली. अंगठाही दिला.

बाहेर आल्यावर दादानं साडीची पिशवी पुढे केली... माहेरची म्हणून. मी घेतली नाही. "बघ, अजून तोऱ्यातच हाय," तो आईला म्हणाला. आई त्याच्या गाडीत जाऊन बसली.

आज सकाळी तिचा फोन आला. आवाजात किती दिवसांनी आनंद होता. "दादा लई खूश हाय गं. आज सोता चहा आणून दिला मला... पलंगापाशी."

बरं झालं, म्हणाले मी. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं...

वर्षभर तिला चहा कोण देत होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.