वाळत घातलेले कान

"ओली मासळी बाजारात नेऊ नये," असं फानेसी लिगोमेका कायम म्हणायची. मासळीशी तिचा संबंध ताटापुरताच. काम तिचं कानांचं. आमच्या सरोवराकाठी पोरं चालायच्या आधी पोहतात, म्हणून घरोघरी कुणाचा ना कुणाचा कान वाहत असतो. फानेसी कापसाची बारीक वात वळायची, हलक्या हाताने कानातला पू टिपायची, आयांना तेच शिकवायची आणि पुढच्या गावाला जायची. तिचा पगार, सायकल, दवाखान्यातली खोली, सगळं परदेशातल्या एका संस्थेच्या देणगीवर चाले.

त्या वर्षी देणगीची मुदत संपत आली होती. संस्थेने ऐकण्याची चाळीस यंत्रं पाठवली. ती लावताना बघायला राजधानी लिलाँग्वेहून संस्थेचे कुम्वेंडासाहेब येणार आणि त्यांच्या अहवालावर पुढची देणगी ठरणार होती. गावचे मुखिया माकातांनी कमी ऐकू येणारी चाळीस माणसं निवडून आंब्याखाली बसवली. पहिल्या रांगेत त्यांची नात तियामिके, इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये.

साहेब यायच्या आधी फानेसीने एकेकाचे कान बघितले. एकोणीस जणांचे वाहत होते. वाहत्या कानात यंत्र बसवलं की पू आत कोंडतो आणि उरलंसुरलं ऐकणंही जातं.

मुखियांनी तिला बाजूला घेतलं. सगळ्यांनाच लाव, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, साहेबांची गाडी वळली की काढून घे. तुझीच नोकरी वाचवतोय, असं समजावलं. आमच्यात बाई मुखियांशी गुडघे टेकून बोलते. फानेसीने गुडघे टेकले, नजर खाली ठेवली आणि म्हणाली, "नाही, बाबा."

"माझ्या नातीलाही नाही?"

"तिला तर नाहीच. तिचा डावा कान सगळ्यांत वाईट आहे."

एकवीसच यंत्रं बसवली गेली. बाकीच्यांच्या कानांत वाती बघून कुम्वेंडासाहेबांचं पेन थांबलं. चाळीस आधीच लिहून आणलेत, ते म्हणाले.

"मग खोडा," फानेसी म्हणाली. "एकवीस लिहा. एकोणीस वाळत घातलेत म्हणून लिहा. सहा आठवड्यांनी या, दाखवते."

साहेब हसले नाहीत. त्यांच्यासाठी शिजवलेल्या मक्याच्या पिठाच्या न्सिमाला हातही न लावता गेले. पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या, फानेसी, आता खरंच मासळी विकायला बस.

मुखियांनी बोलणं टाकलं. पण रोज सकाळी त्यांच्याच अंगणात त्यांची लेक वाती वळताना दिसे, आणि तियामिकेला पाण्यात उतरायची बंदी खुद्द आजोबांनीच घातली होती.

सहा आठवड्यांनी साहेब आले. सोळा जणांचे कान कोरडे ठणठणीत होते. त्यांतल्या नऊ जणांना यंत्राची गरजच उरली नव्हती. तियामिकेला होती, तिला फानेसीने साहेबांसमोरच यंत्र बसवलं. त्या दिवशी साहेब दोनदा जेवले.

पुढच्या महिन्यात संस्थेचं पत्र आलं. तीन वर्षं मागितली होती, मिळालं एक. मात्र त्यात कापूस आणि कानात घालायच्या औषधासाठी वेगळी रक्कम होती, जी आजवर कुणी दिली नव्हती.

"एका वर्षात किती गावं होतील?" मुखियांनी विचारलं. इतक्या दिवसांतलं त्यांचं पहिलं वाक्य.

"बारा, बाबा. रस्ता बरा असला तर तेरा."

तिने सायकलला कापसाचा गठ्ठा बांधला आणि वाळूतून ढकलत निघाली. चाक रुतत होतं. तिला घाई नव्हती. तियामिके आजोबांना एकामागून एक काहीबाही विचारत होती. ते फानेसी वळणाआड होईपर्यंत वाटेकडे बघत राहिले.