लेखणी थरथरेनाशी झाली

साठच्या दशकात पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं मला मुळशीच्या तलावावर पाणी मोजायला पाठवलं, तेव्हा मला माझ्या हुशारीचा फार माज होता. टेकाडावर पत्र्याची खोली, आत माझं यंत्र. खोलीतून तारेनं सोडलेला पाण्यावरचा डबा वरखाली झाला की बारीकसं व्होल्टेज बदले, मी जोडलेला ॲम्प्लिफायर ते वाढवी आणि लेखणी कागदावर रेघ ओढी. बॅटऱ्या पंधरा व्होल्टच्या, त्यामुळे ॲम्प्लिफायर साडेबाराच्या पुढे काही केल्या जात नसे. घागर भरली की वरून कितीही ओता, तसं. हे मला पाठ होतं. तरीही मे महिन्यात साहेब येणार म्हणून मी बटण फिरवून वाढ तिप्पट केली. बोटभर लाटेनंही लेखणी नाचली पाहिजे ना! साहेब खूश झाले. बटण मागे फिरवायचं मात्र राहून गेलं.

रात्री खोली राखायला जवळचाच एक माणूस येई. त्याची झोपडी खाली, उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या गाळाच्या शेतात. तिथं त्याची आई असे. तिचे गुडघे कायमचे आखडलेले. दर पावसाळ्यात तो तिला पाठीवर घेऊन वर आणी, आणि ती वाटभर कळवळे. म्हणून होईल तितकं थांबायचं, ही त्याची रीत. संध्याकाळी पाण्याच्या कडेला खुंटी ठोकायची, दोन तासांनी पाहायची. वीतभर बुडाली तर म्हातारीला उचलायचं.

मी हसले होते. "अहो, एवढं यंत्र असताना खुंट्या कसल्या ठोकताय?"

त्यानं खुंट्या ठोकणं सोडलं. उलट मलाच विचारू लागला.

जुलैत पाऊस सुरू झाला तो थांबेचना. त्या दिवशी सगळे ओढे घोंघावत होते, आणि कागदावरची रेघ दुपारपासून सरळ होती. पट्टीनं ओढल्यासारखी. एवढं पाणी जातंय कुठं, असं क्षणभर मनात आलं. पण रेघ इतकी देखणी होती की मी तिच्यावरच भाळले.

संध्याकाळी तो दारात उभा राहिला. "बाई, रातीला पानी वाढंल का? म्हातारीला वर आनू?"

"दुपारपासून केसभरही वाढलेलं नाही. राहू द्या तिला."

"मग न्हाई आनत. लई कळ येती तिला." त्याला हायसं वाटलं, ते मला दिसलं. तो दाराशी झोपला; पावसामुळे मीही खोलीतच थांबले.

पहाटे मला जाग आली ती शांततेनं. पाऊस थांबला होता. बाहेर धुकं. तो उठून गेला होता. मी कंदील कागदाजवळ नेला. रेघ तशीच, जागच्या जागी. मग लक्षात आलं, ती थरथरत नव्हती. तलावावर वारा असतो, लाट असते. खरं पाणी एवढं गप्प बसत नाही. मीटर लावला. साडेबारा. घागर कालच भरली होती. हातानं तार ओढून डबा वर उचलला. लेखणी हलली नाही.

मी धावत उतरले. जिथं उतार असायचा तिथं पाणी होतं, अगदी निमूट. धुक्यातून तो वर येत होता, पाठीवर आई, दरवर्षीसारखी. तिच्या पायांवरून पाणी निथळत होतं. या खेपेला ती कळवळत नव्हती.

मला एवढा आनंद झाला की मी ओरडले, "आणलीत ना! बरं झालं!"

"व्हय, आनली," तो म्हणाला. त्यानं तिला खाली ठेवलं नाही. माझ्याजवळून तो खोलीपर्यंत गेला, दारात थांबला आणि रोजच्यासारखं आत वाकून पाहिलं. लेखणी रेघ ओढतच होती.

"बाई," त्यानं विचारलं, "आता तरी सांगा, पानी वाढलं का?"